एकशे चौऱ्याहत्तरची ओळ

दातेकाकांच्या घरात "अंदाजे" हा शब्द चालत नाही. काकूंनी "कधी येताय?" विचारलं तर उत्तर येतं "साडेअकराला", आणि साडेअकराला माणूस दारात उभा असतो. चहात साखर दीड चमचा, आणि त्यातला अर्धा चमचासुद्धा बोटाने सपाट केलेला.

"लग्नाआधी माझी उंचीसुद्धा मोजून घेतली असेल यांनी," काकू आल्यागेल्याला सांगतात.

"मोजली नव्हती. दाराच्या चौकटीवरून कळली. पाच फूट पाऊण इंच."

"पाच फूट एक!"

"चपलेसकट."

त्यांचं आडनाव दाते नाही. चाळीस वर्षं कारखान्यात गिअरच्या चाकांना दाते पाडले, म्हणून दातेकाका. नव्या माणसाला ते आडनावच वाटायचं. काका कधी खुलासा करत बसले नाहीत. खुलाशात वेळ जातो.

सतराव्या वर्षी ते कारखान्यात आले ते लोखंडाचा चुरा झाडायला. शाळा आठवीनंतर सुटलेली. अपूर्णांक कधी डोक्यात शिरलेच नव्हते. एके दिवशी फोरमनने त्यांच्यापुढे फरशीवर दोन चाकं ठेवली, एक चोवीस दातांचं, एक छप्पन्न दातांचं. दोन्हींवर खडूची खूण केली, दाते एकमेकांत अडकवले आणि म्हणाला, "फिरव. दोन्ही खुणा पुन्हा जागेवर येईपर्यंत थांबायचं नाही." लहान चाक सात वेळा फिरलं, मोठं तीन वेळा, आणि खुणा जुळल्या. "हे सात तृतीयांश," फोरमन म्हणाला. "आता झाडू ठेव आणि हात धू."

तेव्हापासून झाडू गेला आणि मिलिंग मशीन आलं.

आता या कामात अवघड काय ते सांगायला हवं. चाकाला दाते समान अंतरावर पाडायचे तर प्रत्येक दात कापून झाला की चाक नेमकं तेवढंच पुढे सरकवावं लागतं. सरकवायला एक यंत्र असतं, त्याला भोकांच्या तबकड्या असतात. चाळीस दाते, साठ दाते, हे तबकडीवर सरळ बसतं. पण एकशे सत्तावीस दाते म्हटले की तेवढी सोयीची भोकं कुठल्याच तबकडीवर नसतात. मग काय करायचं? एकशे सत्तावीसऐवजी एकशे वीस धरून चालायचं, आणि मधला सातचा फरक दुसरीकडून भरून काढायचा. तो भरून काढतात जोडीला लावलेली चाकं. संचात अशी बारा चाकं येतात. त्यातली कुठली दोन किंवा कुठली चार लावायची, हे ज्याला काढता येतं तो कारागीर. बाकीचे हँडल फिरवणारे.

काकांनी ते काढून काढून एक वही केली होती. तीनशे बारा ओळी. प्रत्येक ओळीत दात किती, धरायचा आकडा कुठला, गुणोत्तर किती आणि चाकं कुठली. शेवटच्या रकान्यात एक खूण. भरीव ठिपका म्हणजे तंतोतंत. पोकळ गोल म्हणजे जवळपास, पाहून घ्या. पोकळ गोल अख्ख्या वहीत नऊ होते, आणि त्या नऊंचं त्यांना वाईट वाटायचं. भरीव ठिपके तीनशे तीन. कारखान्यात म्हणत, ठिपका बघ आणि डोळे मिटून काप.

निवृत्तीनंतर ती वही तंत्रशाळेच्या प्राचार्य मॅडमनी पाहिली. म्हणाल्या, "काका, हे छापूया. पोरांना असं काही मिळत नाही."

काकांनी मान हलवली. इतका आनंद त्यांनी त्याआधी कधी मान हलवून दाखवला नव्हता, असं काकू म्हणतात.

पण शाळेच्या समितीत एक थिअरीचे सर होते. ते म्हणाले, "हातानं लिहिलेल्या वहीची खात्री कोण देणार? आता सगळी मशीनं कॉम्प्युटरवर चालतात. एक ओळ चुकली तर शाळेचं नाव जाईल." मॅडमनी त्यावर मार्ग काढला. वहीतली प्रत्येक ओळ कॉम्प्युटरवर तपासायची. आणि सॉफ्टवेअर असं निवडायचं, की पोराला घरी बसून तीच तपासणी स्वतः करता आली पाहिजे. शाळेत आधी विकतचं होतं, दर वर्षी पैसे भरले तरच उघडणारं. ते बंद पडून दोन वर्षं झाली होती.

"तीन आठवड्यांत सॉफ्टवेअर ठरवा आणि वही तपासून द्या," मॅडम म्हणाल्या. "नाहीतर या वर्षीची छपाई जाईल. पुढच्या वर्षी मी इथे असेन की नाही, सांगता येत नाही."

म्हणजे वही छापून पोरांच्या हातात जायची, की कपाटात जुन्या बनियनांखाली पडून राहायची, हे आता एका फुकटच्या सॉफ्टवेअरवर आलं होतं. आणि काकांनी उभ्या जन्मात कॉम्प्युटरला हात लावला होता तो धूळ पुसायला.

जगाचे ते काका असले तरी खरी पुतणी एकच. ती कॉलेजात गणित शिकवते. रविवारी सकाळी ती आपला जुना लॅपटॉप घेऊन आली आणि जेवणाच्या टेबलावर मांडून बसली.

"काका, साधा कॅल्क्युलेटर आकड्यांचं गणित करतो. आपल्याला हवं ते बीजगणित करणारं. म्हणजे अपूर्णांकाला अपूर्णांक म्हणूनच वागवणारं, मोडतोड न करता. फुकटची बरीच आहेत. मी तीन आणलीयेत."

"फुकट ते पौष्टिक," काकू स्वयंपाकघरातून म्हणाल्या.

"फुकट का आहेत?" काकांनी विचारलं. "कोणाला विकली जात नाहीत म्हणून?"

"नाही हो. गणितवाल्यांनी गणितवाल्यांसाठी केलीत. आत काय चाललंय तेही उघडून बघता येतं."

हे काकांना पटलं. झाकण न उघडणाऱ्या मशीनवर त्यांचा कधीच भरवसा नव्हता.

तिघांची खरी नावं परकी आणि लांबलचक होती. संध्याकाळपर्यंत घरात त्यांना आपली नावं पडली. पहिला हत्ती. त्याला येत नव्हतं असं गणितातलं काही नव्हतं, पण लॅपटॉपवर चढायलाच त्याने अडीच तास घेतले आणि चढल्यावर लॅपटॉपचा पंखा असा घोंघावू लागला की काकूंनी विचारलं, "दळण टाकलंय का?" काकांनी हत्तीला नमस्कार केला आणि बाजूला ठेवलं. शाळेतले कॉम्प्युटर अकरा वर्षं जुने. "खिळा ठोकायचाय. त्याला क्रेन कशाला?"

दुसरा गोडबोल्या. मोठी रंगीत बटणं, चिन्हं कागदावर लिहिल्यासारखी सुबक, आणि प्रत्येक उत्तराखाली हिरवी खूण.

तिसरा खडूस. काळी खिडकी, एक चमकणारी रेघ. लिहाल तेवढंच घेणार. उत्तर देणार एका शब्दात, खरं किंवा खोटं. एक स्वल्पविराम चुकला तर तेही नाही. पण क्षणात उघडायचा, नेट नसलं तरी चालायचा आणि जागा जवळजवळ लागायचीच नाही.

"घरात एक खडूस होता तो पुरे नव्हता का?" काकू म्हणाल्या.

काकांनी चष्मा पुसला, वही उघडली आणि तपासणी सुरू केली. दोन बोटांनी, एकेक कळ शोधत. वहीतलं गुणोत्तर एका बाजूला, चाकं दुसऱ्या बाजूला, आणि प्रश्न एकच: हे दोन सारखे आहेत का? गोडबोल्याने इथून तिथून घेतलेल्या वीस ओळींना वीस हिरव्या खुणा दिल्या. काकांची कॉलर थोडी ताठ झाली.

मग त्याच वीस ओळी खडूसला दिल्या. पाच खरं. पंधरा खोटं.

"खोटं?" काकांनी पडद्याकडे असं पाहिलं, जसं नवीन पोरानं त्यांच्या हातातून पाना हिसकावून घेतला असावा. "एकशे सत्तावीसची ओळ खोटी? त्या ओळीवर मी सत्तर चाकं कापलीत!"

पुतणीने वाकून पाहिलं. "काका, तुम्ही गुणोत्तर दोन पूर्णांक तीन तीन तीन लिहिलंत. ते..."

"वहीत तेच आहे."

"हो, पण ते दशांशात..."

"तू जन्मायच्या आधीपासून हे आकडे लिहितोय मी. याला मोजमाप कळत नाही."

"नाचता येईना," काकू आतून म्हणाल्या, "अंगण वाकडं."

"तू मधे बोलू नको."

पुतणीने लॅपटॉपची वायर गुंडाळली. तिला काकांचा स्वभाव माहीत होता. दहा वर्षांची असताना तिने विचारलं होतं, खिळा वाकडा का झाला. आणि त्यांनी सांगितलं होतं, तूच ठोकून बघ. "बरं," ती म्हणाली. "लॅपटॉप ठेवून जाते. ठरवा तुम्ही."

सोमवारी काकांनी मॅडमना फोन केला. गोडबोल्या ठरला. मॅडमनी ते लिहून घेतलं.

शब्द गेला होता. तरी काकांना चैन पडेना. जेवताना त्यांनी भाजीत मीठ कमी आहे म्हटलं. ते कमी नव्हतं.

बुधवारी सकाळी ते गॅलरीत आपली हत्यारांची पेटी तेल लावून पुसायला घेऊन बसले. हे दर बुधवारचं काम. पेटीत एक गेज होतं, दोन टोकांचं. एक टोक साधं, एकाला लाल रंग. भोक बरोबर असेल तर साधं टोक आत जायला हवं आणि लाल टोक जाता कामा नये. त्या गेजशेजारी एका चिंधीत लोखंडाचा एक लहान तुकडा बांधलेला होता. काकांनी चिंधी सोडली आणि तुकडा हातात घेतला.

तो बाद तुकडा होता, भोक किंचित मोठं पडलेला. मुद्दाम जपलेला. नवीन गेज आलं की काका ते आधी चांगल्या तुकड्यावर लावत आणि मग या बाद तुकड्यावर. पोरांना सांगत, "चांगल्याला चांगलं कोणीही म्हणेल. वाइटाला वाईट म्हणेल तेच गेज."

आणि गोडबोल्याला त्यांनी काय दाखवलं होतं? वीस चांगले तुकडे.

हात न पुसता ते आत गेले. काकू ओरडल्या, "तेलाचे हात त्या पोरीच्या मशीनला!" तेव्हा पुसले.

गोडबोल्या उघडला. एका बाजूला सात भागिले तीन लिहिलं, दुसऱ्या बाजूला दोन पूर्णांक तीन तीन तीन. हिरवी खूण. मग शेवटचा तीन खोडून चार केला. दोन पूर्णांक तीन तीन चार. पुन्हा हिरवी खूण. काकांनी आणखी थोडं ढकलून पाहिलं. तोही तुकडा पास. गोडबोल्या स्वतःच आकडे गोल करून जुळवून घेत होता. एवढं तेवढं चालायचंच, असा त्याचा हिशोब.

मग खडूस. सात भागिले तीन आणि दोन पूर्णांक तीन तीन तीन. खोटं.

काकांनी पेन्सिल घेतली. दोन पूर्णांक तीन तीन तीन गुणिले तीन. सहा पूर्णांक नऊ नऊ नऊ. सात नाही. एक सहस्रांश कमी. कुठे गेला?

कुठेच गेला नव्हता. काकांनीच टाकला होता. फोरमनने फरशीवर दोन चाकं फिरवून त्यांना शिकवलं होतं सात तृतीयांश. खुणा जुळल्या होत्या त्या सातावर आणि तिनावर, दशांशावर नाही. पुढे ड्रॉइंग दशांशात येऊ लागली, मायक्रोमीटर दशांशात, ऑफिसचा कॅल्क्युलेटर दशांशात. काकांनीही वहीतला तो रकाना तीन घरांपर्यंत दशांशात भरला. चाकं बरोबर होती. शेजारी लिहिलेलं गुणोत्तर कापलेलं होतं. चाळीस वर्षं कोणी बोललं नाही. पहिला बोलला तो खडूस, आणि काकांनी त्यालाच मूर्ख ठरवलं.

"काय झालं?" काकूंनी दारातून विचारलं.

"अंगण सरळ आहे," काका म्हणाले.

काकूंनी दीड चमचा साखरेचा चहा आणून ठेवला.

त्याच दुपारी त्यांनी दोन फोन केले. पहिला पुतणीला. "तू रविवारी काय सांगत होतीस ते पूर्ण सांग." तिने सांगितलं, आणि मधे कोणी तोडलं नाही. दुसरा मॅडमना. "सोमवारचा शब्द मागे घेतोय. गोडबोल्या नाही, खडूस."

"कोण खडूस?" मॅडम गोंधळल्या.

"तो काळ्या खिडकीचा."

"काका, तो पोरांना अवघड नाही जाणार? दिसायलाही..."

"मॅडम, गेजचं रूप बघत नाहीत."

मग खरी मेहनत सुरू झाली. दशांशाचा रकाना काकांनी तांबड्या पेन्सिलीने उभा खोडला. प्रत्येक ओळीचं गुणोत्तर पुन्हा मुळापासून, अपूर्णांकात. पुतणी म्हणाली, "काका, चार ओळींचा प्रोग्रॅम लिहिते. सगळ्या वहीची तपासणी अर्ध्या मिनिटात होईल."

"लिही. पण चालवू नको. आधी मी हाताने करतो, मग तू यंत्राने कर. दोघांचं जुळलं पाहिजे."

"तीनशे बारा ओळी? दोन बोटांनी?"

"बोटं दोन असली तरी डोळा प्रत्येक ओळीवरून फिरतो. तुझ्या अर्ध्या मिनिटात कोणाचा डोळा फिरणार आहे?"

रोज सकाळी नऊ ते बारा. दिवसाला चाळीस ओळी, एकेचाळिसावी नाही. तिसऱ्या दिवसापासून बोटं चार झाली. खडूसचे स्वल्पविराम अंगवळणी पडले. खरं. खरं. खरं. नऊ पोकळ गोलांवर खोटं, आणि ते तसंच यायला हवं होतं. काका त्या नऊ "खोटं"वरही खूश होत. बाद तुकडे बाद होत होते.

पाचव्या दिवशी, अकराच्या सुमारास, एकशे चौऱ्याहत्तरच्या ओळीवर खडूस म्हणाला, खोटं.

ओळीपुढे भरीव ठिपका होता.

काकांनी पुन्हा टाइप केलं. खोटं. चष्मा पुसला, पुन्हा टाइप केलं. खोटं. या वेळी त्यांनी मशीनला नावं ठेवली नाहीत. कागद घेतला. एकशे चौऱ्याहत्तर दात, धरलेला आकडा एकशे बहात्तर, फरक दोनचा. गुणोत्तर निघतं वीस भागिले त्रेचाळीस. वहीतली चाकं: वर बत्तीस आणि चौसष्ट, खाली चव्वेचाळीस आणि शंभर. ते होतं एकशे अठ्ठावीस भागिले दोनशे पंच्याहत्तर. तिरका गुणाकार केला. एका बाजूला पाच हजार पाचशे. दुसऱ्या बाजूला पाच हजार पाचशे चार.

चारचा फरक. दशांशाच्या तीन घरांत दोन्हींचं रूप एकच: शून्य पूर्णांक चार सहा पाच. म्हणून रकान्यात ते कधी दिसलंच नाही.

पण त्रेचाळीस? त्रेचाळीसने भागायचं तर खाली त्रेचाळीसच्या पटीतलं चाक हवं. बारांत तसं एकच आहे, शहाऐंशीचं. सरळ चाळीस भागिले शहाऐंशी लावलं असतं की काम झालं. चार चाकांचा द्राविडी प्राणायाम केला कशाला?

आणि मग आठवलं. शहाऐंशीचं चाक एकदा हातातून पडून त्याचे दोन दाते उडाले होते. नवीन यायला चार महिने लागले. त्याच काळात एकशे चौऱ्याहत्तर दातांचं चाक तातडीने हवं होतं. काकांनी तीन दिवस डोकं फोडून ही चार चाकं शोधली, जवळपास बसतात म्हणून लावली, काम भागवलं. कच्च्या कागदावर पोकळ गोल केला होता, हे त्यांना स्वच्छ आठवत होतं. पुढे वही पक्की उतरवताना हात ठिपक्यांच्या लयीत होता. गोल राहिला, ठिपका पडला.

"खरं सांग, त्याने किती बिघडलं?" रविवारी पुतणीने विचारलं. तिच्या अर्ध्या मिनिटाच्या प्रोग्रॅमनेही तीच एक ओळ पकडली होती. मग तिनेच खडूसकडून काढून घेतलं. अख्ख्या फेरीनंतर चूक येत होती ती केसाच्या जाडीच्या आठव्या भागाइतकी. "काका, हे कुठल्याही चाकाला चालतं. कोणाला कळणारही नाही. ओळ बदला आणि पुढे चला."

"चाक चालतं," काका म्हणाले. "ठिपका चालत नाही."

"मग ठिपक्याचा गोल करा, झालं."

"आणि ज्यांनी तो ठिपका बघून डोळे मिटून कापलं, त्यांचं काय? त्यांना मी सांगितलं होतं, तंतोतंत आहे म्हणून."

काकू ताटं घेत होत्या. "समितीत तो सर टपून बसलाय," त्या म्हणाल्या. "तुम्ही आपणहून चूक सांगितलीत की तो म्हणणार, बघा, मी सांगितलं नव्हतं? वही जाईल हो."

काकांनी वही पुढ्यात ओढली. मग पुतणीला म्हणाले, "हा खडूस उलटं गणित करतो का? त्याला सांग, शहाऐंशीचं चाक नाहीये. उरलेल्या अकरांतून तंतोतंत जुळेल असं काही आहे का? धरायचा आकडाही कुठलाही घे म्हणावं."

पुतणीने सहा ओळी लिहिल्या. खडूसने क्षणभर विचार केला आणि उत्तरांची रांग लावली. काकांनी बोट वरच्या ओळीवर ठेवलं. एकशे बहात्तरऐवजी एकशे शहात्तर धरा. वर चाळीस आणि अठ्ठावीस, खाली चव्वेचाळीस आणि छप्पन्न. पाच अकरांश. तंतोतंत.

काकांनी ते कागदावर स्वतः तपासलं. जुळलं. "तीन दिवस मी एकशे बहात्तरलाच धरून बसलो होतो," ते म्हणाले. "आकडाच बदलायचा होता." आणि हसले. पुतणी सांगते की हत्यारं सोडून दुसऱ्या कशाकडे बघून काका असे हसलेले तिने तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

समितीची बैठक शाळेच्या कॉम्प्युटरच्या खोलीत भरली. भिंतीला लावलेली अकरा मशीनं, खिडकीची कडी तारेने बांधलेली. निघताना काका काकूंना म्हणाले होते, "साडेअकराला येतो." मॅडम, सर आणि आणखी एक सभासद बसले. काकांनी वही उघडली ती थेट एकशे चौऱ्याहत्तरवर.

"आधी ही ओळ. इथे माझी चूक होती. तीस वर्षं." आणि शहाऐंशीच्या चाकाची हकीकत सांगितली, पाच वाक्यांत. "पुस्तकात जुनी ओळ तशीच छापायची, तिच्यापुढे पोकळ गोल, आणि खाली दोन नव्या. शहाऐंशी असेल तर ही, नसेल तर ही. चूक लपवून छापायची असेल तर माझी वही मला परत द्या."

मॅडमनी सरांकडे पाहिलं. सर खुर्चीत पुढे सरकले.

"म्हणजे चूक होती."

"होती."

"मग उरलेल्या तीनशे अकरा ओळींवर आम्ही विश्वास कसा ठेवायचा?"

"ठेवू नका," काका म्हणाले. "तपासा. समोर मशीन आहे, सॉफ्टवेअर फुकट आहे, वही उघडी आहे. मीही ठेवला नाही."

सर उठले आणि खरंच मशीनसमोर जाऊन बसले. काळी खिडकी उघडली. वहीचं पान उलटलं, एकशे सत्तावीसची ओळ घेतली. छप्पन्न भागिले चोवीस. दुसऱ्या बाजूला त्यांनी तांबड्या रेघेखालचा खोडलेला आकडा टाइप केला, दोन पूर्णांक तीन तीन तीन. कळ दाबली.

खोटं.

"हे बघा!" सर खुर्चीसकट वळले. "पहिलीच ओळ!"

काकांना हसू आलं, पण त्यांनी ते आवरलं. "सर, तिथेच मी पडलो होतो. तुम्ही लवकर पडलात, बरं झालं. खोडलेलं कशाला वाचता? शेजारी बघा. सात भागिले तीन लिहा."

सरांनी लिहिलं. खरं.

त्यांनी पुढची ओळ घेतली. मग त्याच्या पुढची. चहा आला, त्यांनी डावा हात हलवून तो बाजूला ठेवायला सांगितला. मॅडमनी मधेच विचारलं, "सर, सही करू का मी?" सर म्हणाले, "करा, करा," पण मान वर केली नाही. मॅडमनी सही केली. दुसऱ्या सभासदानेही केली. सर वीस ओळींवर थांबले नाहीत. पहिल्या पोकळ गोलावर खोटं आलं तेव्हा ते स्वतःशीच "बरोबर" म्हणाले. मग ते मधली पानं टाकून सरळ एकशे चौऱ्याहत्तरवर गेले. जुनी ओळ लिहिली, खोटं. पहिली नवी, खरं. दुसरी नवी ओळ लिहायला घेतली आणि त्यांचा स्वल्पविराम चुकला. खडूस गप्प.

"अहो, हा बोलत का नाही?"

"त्याला नीट विचारावं लागतं," काका म्हणाले आणि खुर्ची ओढून शेजारी बसले.

काका घरी पोचले तेव्हा काकू दारात उभ्या होत्या. त्यांनी आधी घड्याळाकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे.

"किती उशीर हा! झालं का काम?"

"झालं. छापतायत." काकांनी चपला काढून भिंतीला समांतर लावल्या. "सदतीस मिनिटं. त्यातली तीस सरांची."